लाल होण्याची वाट

"धातू म्हणजे धातू! तो माझ्यासमोर वाकडा राहूच शकत नाही!"

फोरमनसाहेबांनी शनिवारी सकाळी हे जाहीर केलं, तेव्हा घरात ऐकायला फक्त टेबलावरचा चषक होता. लोखंडाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते, तरी इमारतीत सगळ्यांसाठी ते अजून फोरमनच. चषक मात्र बायकोचा. बासष्टाव्या वर्षी ती ज्येष्ठांच्या पोहण्याच्या शर्यतीत पहिली आली होती. आयुष्यातलं पहिलंच बक्षीस! चषक फिरता होता. उद्या दुपारी क्लबात सगळ्यांसमोर त्यावर तिचं नाव कोरायचं होतं.

चषकाला दोन कान. त्यातला डावा आत दबलेला. बायको पोहून येईपर्यंत तो सरळ करून तिला चकित करायचं, असा साहेबांचा बेत!

त्यांनी कान धरला आणि जरा ओढला. कर्रर्र!

"मेलो! तडा गेला!"

तडा वगैरे काही गेला नव्हता. चषक प्यूटरचा होता. प्यूटर म्हणजे बहुतेक सगळं कथील, भांड्यांना कल्हई करतात तेच. कडकपणा यावा म्हणून त्यात थोडं तांबं आणि अँटिमनी घालतात. कथील वाकवलं की आतले स्फटिक जागा बदलताना कुरकुरतात, इतकंच. साहेबांचे गुडघेही रोज सकाळी असेच कुरकुरत, पण त्यांना कोणी बर्नर लावत नव्हतं!

चषकाला मात्र साहेबांनी लावला. लोखंड कसं, तापून लाल झालं की आपणहून सांगतं, आता मला वाकव. साहेब लाल रंगाची वाट बघत बसले. कान आपला पांढराच!

"काय निगरगट्ट आहे! हो की रे लाल!"

टप्! कान गळून फरशीवर पडला आणि त्याचं चकचकीत थारोळं झालं.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या कवळीवाल्या बाई आलेल्या. त्या घरातच कवळ्या बनवायच्या, त्यामुळे हात कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेले.

"काका, कसला वास येतोय? आणि हे खाली काय सांडलंय?"

साहेब सुचलं ते बोलले. "पारा! थर्मामीटर फुटला."

"एवढा पारा? थर्मामीटर होता की बादली? अहो, विषारी असतो तो! चला बाहेर!"

बाईंनी जिन्यात अशी आरोळी ठोकली की पाच मिनिटांत तीन मजले रिकामे! दुसऱ्या मजल्यावरचे वकील एका गालाला साबण लावलेले तसेच खाली आले. नेमकी तेव्हाच बायको ओल्या केसांनी फाटकातून आत शिरली.

"अहो, सगळे रस्त्यावर का? भूकंप झाला की काय?"

"तुमच्या घरात पारा सांडलाय, काकू!" वकील म्हणाले.

"आमच्याकडे थर्मामीटर कुठंय? ताप आला तर आम्ही वरच्यांचाच आणतो!"

सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. साहेब चपलांचे अंगठे न्याहाळू लागले.

"अगं, तुझ्या चषकाचा एक कान... जरा पातळ झाला."

बायको वर गेली, बसली आणि एककानी चषक मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाली, "एकदाच जिंकले हो मी."

साहेबांना फरशीत गडप व्हावंसं वाटलं.

कवळीवाल्या बाईंनी फरशीवरचं गार झालेलं थारोळं उचललं. "काकू, रडू नका. हे वाया गेलेलं नाही. काका, कथील दोनशे बत्तीस अंशांनाच वितळतं. प्यूटरचंही साधारण तसंच. लाल व्हायला त्याच्या दुपटीहून जास्त तापावं लागतं. तुम्ही कशाची वाट बघत होता?"

"लोखंड लाल होतं..."

"हे लोखंड नाही. हे मऊ स्वभावाचं आहे. पटकन वितळतं, पण पटकन पुन्हा उभंही राहतं."

त्यांनी शाबूत कानाचा प्लास्टरमध्ये ठसा घेतला.

"ओता आता!" साहेब उतावीळ झाले.

"ओल्या साच्यात? वाफ होऊन सगळं तोंडावर उडेल! मग कवळी तुमचीच करावी लागेल. रात्रभर माझ्या भट्टीत सुकू दे."

सकाळी पळीत प्यूटर वितळवून साच्यात ओतलं. नवा कान हुबेहूब! पण तो जोडायचा कसा? साहेबांचा हात सवयीने बर्नरकडे गेला. बायकोने बर्नर उचलला आणि कपाटात कुलूपबंद केला. प्यूटरच्याही आधी वितळणारा डाख, म्हणजे धातू जोडायचं सोल्डर, बाईंकडे होता. त्यांनी तो सोल्डरिंगच्या लहानशा गरम सळईने अलगद लावला. साहेबांना फक्त चषक धरायचं काम मिळालं. तेही श्वास रोखून!

दुपारी कोरणाऱ्याने नाव कोरलं. मऊ धातूत अक्षरं भरभर उमटली. टाळ्या झाल्या. बायकोने दोन्ही कान धरून चषक डोक्याच्या वर उचलला. कान टिकला! तिचा चेहरा असा फुलला होता, की फोटोवाल्याने लगोलग चार फोटो काढले.

ते फोटो आता घरात लावलेत. चारही फोटोंत अख्खा क्लब तिच्याकडे बघतोय. एकटे फोरमनसाहेब डाव्या कानाकडे बघताहेत, दोन्ही हातांची ओंजळ खाली धरून!