गडाने पेठेस खिडकी न दिल्याची हकीकत

श्री. ज्या कोणी प्रथम शून्य मांडले आणि त्याच्या शेजारी एक बसविला, त्या अनाम पुरुषास वंदन करून लिहिले जाते की, शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध पंचमी, भौमवार, ते दिवशी अर्जाच्या पानावर उजव्या कोपऱ्यात एक आकडा होता. उंची जोंधळ्याच्या दाण्याएवढी, रंग राखी, आणि त्याच्या मागे शब्द ‘शिल्लक खोल्या’. आकडा एक. सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी तो दोन गावी दोन मुलींनी पाहिला, आणि दोघींस तो खरा वाटला, आणि पान लिहिले गेले त्या क्षणी तो खराही होता. पुढे अनर्थ जाहला तो मत्सराने, म्हणून मूळ सांगणे प्राप्त.

राज्य मुलींच्या वसतिगृहांचे. नाव लिहिण्याची आज्ञा नाही. वसतिगृहे सात, खोल्या चारशे बारा, धनी दादासाहेब. मुलींचे अर्ज वेबसाइटवरून येत, आणि त्या कामी ठाणी दोन. एक गड, त्यास सर्व्हर म्हणत. तेथे निरुपमाबाई आगाशे किल्लेदार. पान गडावर लिहिले जाई, आणि एकदा रवाना केले म्हणजे पुढे त्याचे काय जाहले हे गडास दिसत नसे. दुसरी पेठ, तीस ब्राउझर म्हणत. म्हणजे वाचणारीच्या फोनमधली ती जागा, जेथे पान उघडे. पेठेचा कारभार तेजसराव धुमाळ यांजकडे. त्यांची स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांचा कागद, पानाबरोबर जाई आणि चौकटी उघडी, चुकीचा नंबर लाल करी, बरोबर तो हिरवा करी. परंतु तीस ठाऊक तेवढेच, जेवढे गडाने निघतेसमयी पानावर लिहून दिले.

निरुपमाबाई सोळा वर्षे गड राखून होत्या. एक अर्ज गहाळ नाही, एक नाव दोनदा नाही. परंतु गडावरचे काम कोणाचे दृष्टीस पडत नाही. तेजसराव येऊन दोन वर्षे जाहली नव्हती, तोच दादासाहेब आल्यागेल्यास फोन काढून चौकटी उघडून दाखवू लागले, आणि पाहुणे वाहवा करू लागले, आणि मग गतसालच्या गुढीपाडव्याच्या सभेत तेजसरावांचे नाव अकरा वेळा निघाले, बाईंचे एकदा. तेही साइट बंद का पडली होती हे विचारण्यास. दादासाहेब हसून म्हणाले, “निरुपमाबाईंचं काम म्हणजे जमिनीखालची पाइपलाइन. गळली की आठवते.” सभा हसली. बाईही हसल्या, आणि चहा तसाच ठेवून उठल्या, आणि अकरा हा आकडा त्यांच्या मनात राहिला. तेजसराव चौकटीस नवी सावली देत, त्या दिवशी बाईंस जेवण गोड लागत नसे. कोणी पानाची स्तुती केली म्हणजे त्या मनात म्हणत, पान लिहिले कोणी.

तेजसराव मनाने मोकळे. त्यांनी गेल्या आश्विनातच गडावर येऊन विनंती केली होती की, ताई, गडाच्या तटास एक खिडकी ठेवा, म्हणजे पान पेठेत उघडे असतानाच माझी स्क्रिप्ट तुम्हांस विचारील की खोली अजून आहे काय, आणि तुम्ही हो म्हणाल तरच मी हिरवे दाखवीन. मागणी रास्त होती. बाईंनी सांगितले की सुरक्षेचा विचार करावा लागेल. मग कार्तिकात सांगितले की गडावर भार वाढेल. मग पौषात सांगितले की चाचणी झाल्यावर पाहू. प्रत्येक कारण खरे होते, आणि खरे कारण त्यांत एकही नव्हते. खिडकी दिली म्हणजे पानात आणखी जीव येणार, आणि त्याची वाहवा पुन्हा पेठेस जाणार, हे त्यांस सोसवत नव्हते.

शेवटी वैशाखात तेजसराव कंटाळले आणि त्यांनी आपल्याच अकलेने उपाय केला. मुलीने ‘खोली घ्या’ दाबले की स्क्रिप्ट पानावरच्या आकड्यातून एक वजा करी, आणि शिल्लक उरत असो वा शून्य होवो, हिरव्या चौकटीत ‘खोली आपली झाली’ लिही, आणि अर्ज मागून गडावर धाडी. गडाचे उत्तर येईतो थांबत नसे. बाईंनी ही रचना पहिल्याच दिवशी वाचली. दोनशे बाराव्या ओळीवर त्या थांबल्या. शेवटची खोली दोघींनी एकदम दाबली तर गड एकीस घेईल, दुसरीस नाकारील, आणि नकार कोणी वाचणार नाही, हे त्यांस तेथेच दिसले. त्या बोलल्या नाहीत. मनात म्हणाल्या, पडू दे एकदा, म्हणजे लोकांस कळेल गड काय आहे.

आणि पंचमीस तसेच जाहले. पंचगंगेकाठची आफरीन मुल्ला हिने दाबले, आणि एकतीस सेकंदांनी सातपुड्याच्या पायथ्याची प्रणिता गावित हिने दाबले, आणि दोघींस हिरवे आले. गडाच्या यादीत नाव आफरीनचे. प्रणिताने त्या हिरव्यावर भरवसा ठेवून तालुक्याच्या गावच्या कॉलेजात मिळालेली जागा सोडली, आणि नवमीस, मंदवारी म्हणजे शनिवारी, पत्र्याची पेटी घेऊन कचेरीत उभी राहिली. सोमवारी नर्सिंगच्या कॉलेजात हजर व्हायचे, राहण्याचा दाखला दाखवायचा, नाही तर वर्ष गेले. कारकून म्हणाला यादीत नाव नाही. तिने फोनमध्ये जपलेले चित्र दाखविले आणि एवढेच म्हणाली, “हिरवं आलं होतं, ताई.” समोर निरुपमाबाई होत्या.

मग दादासाहेबांनी मुलीस बसवून दोन्ही ठाण्यांस बोलाविले. राज्याचा एक नियम जुना होता, बाईंनीच लिहिलेला: पेठेत पानावर काय दिसले त्यास राज्य बांधील नाही, गडाची यादी तीच खरी, मात्र दोष गडाचा ठरला तर मुलीस राखीव पाहुण्यांच्या खोलीत जागा देणे. तेजसराव उभे राहून म्हणाले की चूक माझी, मी उत्तराची वाट पाहिली नाही. दादासाहेब संतापले आणि म्हणाले, “नाचऱ्या चौकटी पुरे झाल्या, धुमाळ. उद्यापासून सगळं पूर्वीसारखं गडावरून. बाई सांगतील तसं.” आणि मुलीकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, “बाळ, ते नुसतं पानावर दिसलं होतं. आमचा इलाज नाही.” प्रणिता पेटीच्या कडीस हात घालून उठली.

सोळा वर्षांत जे मागितले नव्हते ते निरुपमाबाईंस एका वाक्यात मिळाले होते. तेजसराव खाली पाहत होते. आता बाईंस गप्प बसणे एवढेच करायचे होते, आणि ते त्यांस उत्तम येत असे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दादासाहेब म्हणाले, “बसा बाई, झालं तुमच्या मनासारखं.” बाई बसल्या नाहीत. मुलगी दारापर्यंत गेली तेव्हा त्या म्हणाल्या, “थांब गं.” आणि मग दादासाहेबांकडे पाहून, नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, “दोष गडाचा लिहा, आणि पाहुण्यांची खोली हिला द्या. ही चूक मी महिन्यापूर्वी वाचली आणि बोलले नाही. त्याआधी यांनी खिडकी मागितली, ती मी आठ महिने अडवली. कारणं सगळी बरोबर दिली. पण मला यांचं कौतुक बघवत नव्हतं. तेजसराव, खिडकी आज उघडते.”

येणेप्रमाणे मत्सराचा अंमल या राज्यात आश्विनापासून चालला, तो ज्येष्ठ शुद्ध नवमीस उठला. ठाऊक होते तेवढे लिहिले.