अण्णाजी वकिलांची दुधाची टाकी

अण्णाजी वकील बोलता बोलता एकदम थांबत आणि उजव्या हाताचं बोट वर करत. मग समोरच्यानंही गप्प व्हायचं, हे अमरावतीत सगळ्यांना ठाऊक होतं. पुतणीच्या लग्नाची बोलणी करायला अकोल्याहून आलेल्या व्याह्यांना ते ठाऊक नव्हतं. ऐन मानपानाच्या घोळात बोट वर गेलं. परसात 'खट्' असा आवाज झाला आणि मोटर घरघरू लागली.

"चालू झाली," अण्णाजी समाधानानं म्हणाले. "हं, तुमी काय म्हणत होते?"

व्याही बिचारे काय म्हणत होते तेच विसरले होते.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. चांगली चाललेली वकिली सोडून अण्णाजींनी बडनेरा रस्त्याच्या घरामागे म्हशी बांधल्या आणि मुंबईहून दूध थंड करणारी टाकी मागवली. लोक म्हणाले, वकिलाचं डोकं फिरलं. मी शेजारी राहणारा शाळामास्तर, त्यामुळे ती टाकी कशी चालते हे मला वरचेवर ऐकावं लागे.

टाकीच्या भिंतीत तांब्याची एक लहानशी कुपी बसवलेली होती आणि तिच्यात वायू भरलेला. दूध तापलं की वायू फुगायचा, बटण दाबलं जायचं, मोटर सुरू व्हायची. दूध गार झालं की वायू आकसायचा आणि मोटर थांबायची.

"पण जरासं तापलं की लगेच का सुरू होत नाही?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, तसं केलं तं ते घडीघडी चालू-बंद होईन अन् मोटर जळून जाईन. चालू अन् बंद व्हायच्या मधात जागा सोडा लागते. तुमी बी पोरायले मारताना मधात जागा सोडत जा!"

हे दूध बायकांच्या दवाखान्यात, तान्ह्या मुलांसाठी जायचं. त्याचे डबे अण्णाजी स्वतः बंद करत. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

एकदा वैशाखात ते अकोल्याला गेले होते. दुपारच्या गाडीनं परतले, तेव्हा मी त्यांच्या घरीच होतो. परसात आल्या आल्या त्यांनी किसन गवळ्याला विचारलं, "मोटर काहून बंद हाय?"

"सकाळपासून चालूच नाई झाली जी. मले वाटलं, दूध थंड असन."

अण्णाजींनी टाकीत हात घातला; दूध कोमट लागलं. मग बटणाची पेटी उघडली. आतल्या दोन पत्र्यांच्या मधे एक मुंगळा चिरडून अडकला होता. त्यामुळे पत्रे एकमेकांना टेकतच नव्हते आणि मोटरला वीज मिळत नव्हती.

"वास तं नाई येत," किसन म्हणाला. "उकळून घेऊ ना."

"खवा तरी करा," मी म्हणालो.

अण्णाजींनी तोटी उघडली. किसननं त्यांचा हात धरला.

"सोड," ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की किसननं घाबरून हात सोडला.

सगळं दूध नालीतून वाहून गेलं. अण्णाजी तिथल्याच दगडावर बसले. त्यांची विधवा बहीण यमूताई त्यांच्याकडेच राहायच्या. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांचं एकुलतं एक मूल तान्हेपणीच एका उन्हाळ्यात गेलं होतं, एवढं मला माहीत होतं. त्या घरात तो विषय कधी निघत नसे.

"यमे," अण्णाजी मान खाली घालून म्हणाले, "तवा बी दुधाले वास नव्हता. चांगलंच दिसत होतं. मीच आणलं होतं ते."

 यमूताई त्यांच्याजवळ खाली बसल्या.

"दादा, तो जलमापासूनच नाजूक होता. वाचत नाई म्हणून डॉक्टरनं मले आधीच सांगतलं होतं. दुधानं नाई गेला रे तो."

"मंग मले कधी बोलली काहून नाई?"

"मले काय मालूम, तू हे मनात घेऊन बसला म्हणून? मले वाटलं, तू त्याले विसरून गेला."

धारा काढायची वेळ झाली होती. म्हशी हंबरत होत्या. किसन रिकाम्या बादल्या घेऊन दूर उभा राहिला. अण्णाजींनी यमूताईंचा हात धरला होता आणि कितीतरी वेळ त्यांनी तो सोडला नाही.