हिरवा रंग राहून गेला

"तुझं दिवसभराचं काम मी दहा मिनिटांत करून देतो, आई," असं दीपेश छाती ठोकून म्हणाला, आणि तिथेच घोटाळा झाला.

लालबागला त्याच्या आईचं, सुभद्राबाईंचं, मसाला कुटून देण्याचं दुकान. ऑर्डरी कॉम्प्युटरवर, पण खुणा बाईंच्या स्वतःच्या. गिऱ्हाइकाच्या नावाचा चौकोन हिरवा केला, की नुसती सौम्य बेडगी मिरची. पांढरा ठेवला, की लवंगी मिरची सढळ हाताने. दीपेशने त्या चौकोनांवरून लेबलं छापणारा प्रोग्राम लिहिला.

"रंग येईल ना रे?"

"आख्खा चौकोनच उचललाय. प्रोग्राममध्ये नुसतं चौकोनाचं नाव लिहायचं, बाकीचं मशीन समजून घेतं. किती टायपिंग वाचतं माहितीये?"

मशीनने समजून घेतलं ते असं, की चौकोन म्हणजे त्यातली अक्षरं. रंग हवा तर वेगळा मागायला हवा होता. लेबलं सगळी पांढरीफटक निघाली, बाई नेमक्या गावी गेलेल्या, आणि कामगारांनी लेबल बघून मसाला कुटला.

रविवारी माझगावला अपेक्षाकडे जेवायला निघताना दीपेशने सहज ऑर्डरींची यादी उघडली. अपेक्षाचे वडील तुळशीदास दोघांच्या लग्नाचा निर्णय आज देणार होते, आणि त्यांना तिखटाचा एक घास सोसत नसे. त्यांचा चौकोन हिरवागार होता. दीपेशला आठवलं, छापलेलं लेबल मात्र पांढरं होतं. त्याने फोन लावला.

"अपेक्षा, तो नवा मसाला वापरू नका गं."

"कालवण झालं पण. बाबा चव बघतायत. तू ये लवकर."

तो धापा टाकत पोचला, तेव्हा तुळशीदास डोळे पुसत होते आणि दारात शेजारीण उभी होती. "मुलगी जाणार म्हटल्यावर बापाला भरून येणारच," असं म्हणून ती लग्न ठरल्याची बातमी द्यायला खालच्या मजल्यावर गेलीसुद्धा.

दीपेशने घाबरत घाबरत सगळं कबूल केलं. तुळशीदासांनी सोलकढीचा तिसरा पेला संपवला.

"म्हणजे तू नुसतं नाव सांगितलंस, आणि बाकीचं मशीनने आपल्या मनाने धरलं."

"हो काका. तशी सोय असते. फक्त काय धरलंय ते आपल्याला कळत नाही."

"मग जावई म्हटल्यावर आम्ही काय काय धरायचं, ते एकेक लिहून दे. नंतर बघू."

दीपेश तिथेच लिहायला बसला. नोकरी, घर, आईचा स्वभाव, स्वतःचं घोरणंसुद्धा लिहिलं. दोन पानं भरली. अपेक्षाने ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"भांडी कोण घासणार, ते कुठे लिहिलंयस?"

ते तो धरूनच चालला होता.