दामूच्या गिटारीतली रिटायर मंडळी

आमच्या तांडापेठेत स्क्रूचासुद्धा निरोप समारंभ करणारा माणूस एकच आहे. दामू पराते.

जुन्या गिटारीचा एखादा भाग बदलला, की दामू तो काढलेला भाग स्टुलावर ठेवतो, वरून झेंडूची पाकळी टाकतो, सदऱ्याची वरची गुंडी लावतो आणि भाषण करतो. "यांनी आपली सेवा इमानदारीनं केली. कोणाचं मन दुखवलं नाही. आता यांनी आराम करावा." त्यावर आम्ही टाळ्या वाजवायच्या. मग तर्री-पोहे. मग तो भाग बिस्किटाच्या डब्यात जातो आणि सोबत चिठ्ठी: 'वॉल्यूमचा कंट्रोल. रिटायर.' असे डबे आता तीन झाले.

हे त्याला नोकरीनं शिकवलं. पस्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत चपराशी होता. साहेब लोकांच्या निरोपाला खुर्च्या लावायच्या, हार आणायचा, मागं उभं राहून भाषण ऐकायचं. भाषण पाठच झालं. त्याच्या स्वतःच्या निरोपाला पण खुर्च्या त्यानंच लावल्या.

गिटार त्याच्या सासुरवाडीची, म्हणजे खाप्याची. तिथली एक ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली, तेव्हा दामूनं ती उचलली. कलकत्त्याकडची इलेक्ट्रिक, जी सगळ्यात स्वस्त मिळायची ती. रंग लाल-काळा, वजन पाट्यावरवंट्याचं, आणि आवाज मटक्यात भुंगा अडकल्यासारखा. मी कितीदा म्हटलं, "दाम्या, नवी घे ना गा." तर म्हणे, "नवी तर कोणीबी वाजवते. हिले वाजवून दाखव."

मग त्यानं तिला एकेक करून नवी केली. तारा ताणायच्या चाव्यांना तो कान म्हणतो. ते कान ढिले होते, गाणं अर्ध्यात आलं की सूर उतरायचा. ते बदलले. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी गंजली होती, ती पितळेची बसवली. कंट्रोल खरखर करायचे, ते गेले. वायर खुपसायची जागा हलायची, ती गेली. प्रत्येक वेळी पाकळी, भाषण, पोहे. सोल्डरिंग मात्र माझं.

मी वामन. आमचं घर मागावरचं. मागाचा धंदा बसला तेव्हा मी मोटर वायंडिंग शिकलो. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या हातची भरलेली कूलरची मोटर कधी वापस आली नाही, हे नागपूरच्या उन्हाळ्यात कोणालाही विचारा. आणि दुसरी गोष्ट, मीटर जे दाखवते तेच मी सांगतो. एकदा वरात दारात उभी असताना हॉलच्या मालकाला तोंडावर सांगितलं, तुझे सहाही पंखे जळाले आहेत. तो पाया पडला, चालू आहेत म्हणा म्हणून. मी म्हटलं नाही.

तर अशा माणसाला दामू गिटारीतला एक भाग उघडू द्यायचा नाही. स्विच.

या गिटारीला तारांखाली दोन माईक आहेत, एक मानेजवळ, एक घोडीजवळ. स्विच खाली केला की घोडीचा वाजतो, वर केला की मानेचा, मधात दोन्ही. दामू बाकी सगळं माझ्यासमोर टाकायचा, पण स्विचवर तळहात ठेवून म्हणायचा, "हे खातं माह्याकडं." आणि दार लावून स्वतः सोल्डर करायचा. त्याचं सोल्डरिंग मी एकदा फटीतून पाहिलं. शेळीच्या लेंड्या बऱ्या. माझ्यासारखा कारागीर भिंतीपलीकडं राहतो आणि हा चपराशी हे करतो! मी आठ दिवस बोललो नाही त्याच्याशी. त्याला ते कळलंच नाही, कारण तोच बोलत होता.

आता मानेजवळच्या माईकची गोष्ट सांगतो, ती आमच्या गल्लीत पोराबाळांना पाठ आहे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तो माईक मेला. आतली कॉइल तुटली. केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो फेरे. रेडिओवाल्यानं हात जोडले. मी तेव्हा मागावरच होतो, मला कॉइल म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तेव्हा नव्या नवरीनं, सुमनवहिनीनं, दामूच्या हातातून तार घेतली. सात वर्षांची होती तेव्हापासून चरख्यावर मागासाठी रेशमाचा धागा गुंडाळून कांड्या भरायची ती. तीन दुपारी चरख्याजवळ बसली आणि कॉइल भरली.

हे वहिनी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. गॅस सिलेंडरवाल्यालाही सांगितलं. "ते मानेजवळचं दिसते ना भाऊ, ते म्या भरलेलं आहे." आणि दामू लगेच स्विच वर करून दोन सूर वाजवून दाखवतो. वहिनीची मान तेव्हा पाहावी. आमच्या नगरसेवकाची नसते तशी.

यंदा उन्हाळ्यात शेजारचा कूलर सुरू झाला की गिटार म्हशीसारखी रेकायला लागली. मी म्हटलं, आतून तांब्याचा पत्रा लावावा लागेल, आणि त्यासाठी सगळ्या तारा सोडाव्या लागतील. स्विचच्याही. दामूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, बारीक काही दिसत नव्हतं. गिटार त्यानं माझ्यासमोर सरकवली. मग म्हणाला, "खोल. पण तोंड बंद ठेवजो."

मी खोललं. स्विचवर दोन इंचांची एक तार होती. तिनं घोडीच्या माईकला स्विचच्या दोन्ही टोकांशी जोडलं होतं. मानेच्या माईकची वायर कुठंच गेली नव्हती. कापडी पट्टी गुंडाळून कोपऱ्यात दाबून ठेवली होती. म्हणजे स्विच वर करा, खाली करा, वाजणार एकच.

"दाम्या! चाळीस वर्षं एकाच माईकवर वाजवून राहिला तू?"

दामूनं माझं तोंड दाबलं. सैपाकघरात पोह्याची फोडणी तडतडत होती.

"ते सुरूच नव्हतं गा," तो कुजबुजला. "पहिल्या दिवसापासून. भरता भरता तार तुटली होती तिच्याकडून, तिनं जोडली. लावून पाहिलं, त आवाजच नाही. आणि तिची माय खाप्याहून आयकाले आली होती. दोघी दारात बसल्या. मी घोडीचा वाजवला, म्हटलं हा तुहा. दुसऱ्या दिवशी ही जोडतार टाकली."

"मले काहून नाही सांगतलं? मी वायंडिंगवाला आहो ना बे!"

"तुले सांगतलं असतं, त गोळीबार चौकापर्यंत गेलं असतं."

हे खोटं नव्हतं.

तेवढ्यात वहिनी प्लेटी घेऊन आल्या. उघडी गिटार पाहून त्यांचा चेहराच फुलला. "बाप्पा, माही कॉइल बाहेर काढली? भाऊजी, तुमचा मीटर आहे ना? लावा बरं. सांगा किती भरते."

दामूनं पोह्याची प्लेट हातात घेतली आणि तशीच धरून राहिला.

मी मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. वहिनी वाकून पाहत होत्या. त्यांना काटा वाचता येत नाही, त्या माझं तोंड वाचत होत्या. आणि मला त्या हॉलचा मालक आठवला, वरात दारात असलेला.

"सात हजार ओम," मी म्हणालो. "फस्क्लास आहे वहिनी."

"पाहा अजी! मी काय म्हणत होती!" त्या तर्री आणायला आत गेल्या. दामूनं पोहे खाल्ले नाहीत. मीही नाही खाल्ले. उभ्या जन्मात मी पहिल्यांदा मीटरचं नाव घेऊन खोटं बोललो होतो, आणि ते मला पचणार नव्हतं.

गुरुवारी वहिनी भजनाला गेल्या तशी मी भिंत ओलांडली. "काढ तो माईक."

"नाही. एक फेरा निघाला त ती तिची कॉइल राहत नाही."

"एकबी फेरा नाही काढत. माह्या मायची शपथ."

वरची पट्टी उकलली. कॉइल पाहून मी चष्मा पुसला. फेरे कांडीसारखे भरलेले, मधात पोट, दोन्हीकडं उतार. अशी वायंडिंग मी कुठं पाहिली नव्हती आणि अशी कांडी मी लहानपणी रोज पाहिली होती. भिंग लावून एकेक फेरा तपासला. अगदी वरच्या थरात, शेवटाजवळ, एक बारीक गाठ सापडली. तिथं तुटली होती. तिनं दोन टोकं चिमटीत धरून पीळ दिला होता, जसा रेशमाच्या तुटल्या धाग्याला देतात. माझी आई असाच द्यायची. पीळ इतका पक्का, की चाळीस वर्षांत सुटला नाही. पण या तारेवर वार्निश असते, बाप्पा. ती खरडल्याशिवाय करंट जात नाही. रेशमाला वार्निश नसते, हे तिला कोण सांगणार होतं?

पात्याच्या टोकानं वार्निश खरडली. मोहरीएवढं सोल्डर ठेवलं. मीटर लावला. काटा उठला आणि साडेसहा हजारावर जाऊन थांबला. खोटं बोललो तेही फक्त पाचशेनं चुकलं.

मग तांब्याचा पत्रा, मग सगळ्या तारा आपापल्या जागी. स्विच मी लावला. दामूनं तळहात ठेवला नाही.

वहिनी भजनाहून आल्या आणि दारात मेथी निवडायला बसल्या. दामूनं स्विच वर केला. भरलेला, गोल आवाज आला, विहिरीतून कोणी हाक मारावी तसा. कूलर सुरू होता, पण रेकणं नव्हतं. दामूची बोटं थांबली. हा माणूस चाळीस वर्षांपासून गिटार वाजवतो, आणि हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

वहिनींच्या हातातली काडी तशीच राहिली. "आज लय गोड वाजून राहिलं जी."

माझ्या तोंडाशी आलं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक सोल्डर ते, मोहरीएवढं, आणि ते कोणाला दाखवता येणार नव्हतं.

"पत्रा लावला ना भाऊजीनं," दामू म्हणाला.

"पत्रा त चांगलाच आहे," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा मेथीला लागल्या. "पण आत कॉइल चांगली पायजे, तवा पत्रा कामाचा."

"बरोबर आहे वहिनी," मी म्हणालो. आणि ते खरंच बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामू मला चौकातल्या पोहेवाल्याकडं घेऊन गेला. घरी पोहे असताना. दोन प्लेटी घेतल्या, बाकड्याच्या टोकाला बसलो. त्यानं खिशातून ती दोन इंचांची तार काढली, बाकड्यावर ठेवली. ठेल्यावरच्या देवाच्या फोटोच्या हारातून एक पाकळी मागून आणली. सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि उभा राहिला. आजूबाजूचे लोक पाहायला लागले.

"यांनी आपली सेवा इमानदारीनं केली," दामू म्हणाला. मग त्याला पुढचं येईना. पस्तीस वर्षांचं पाठ भाषण, आणि येईना.

तेव्हा मी उभा राहिलो. भाषण मी जन्मात केलं नाही. पण तेवढं एक वाक्य मलाही पाठ होतं.

"कोणाचं मन दुखवलं नाही," मी म्हणालो, आणि एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.