गेला पॉइंट

दंतवैद्याला एक खोड होती. समोरच्याच्या तोंडात कापूस, आरसा आणि लाळ ओढणारी नळी असं सगळं कोंबून झालं, की त्याला गप्पांचा हुरूप यायचा. प्रश्न तोच विचारायचा, उत्तरही तोच द्यायचा आणि पेशंटला आपलं म्हणणं पटलंय असं धरून पुढच्या विषयाला हात घालायचा. इतकं निमूट ऐकून घेणारं त्याला दुसरं कोणी नव्हतं. घरी बायको होती, आणि दवाखान्यात काउंटरवरही तीच बसायची.

दुसरं दुखणं मेव्हण्याचं. बायकोचा हा धाकटा भाऊ दर रविवारी सकाळी त्याला टेनिसमध्ये हरवायचा आणि दुपारी बहिणीकडे जेवायला येऊन त्या सामन्याचं साग्रसंगीत वर्णन करायचा. "भाऊजींचं काय होतं," तो काकडी कचाकचा चावत सांगायचा, "एक बॉल नेटमध्ये गेला, की पुढचे चार ते त्याला शोधायला पाठवतात." सासूबाई हसायच्या, बायको हसायची आणि दंतवैद्य ताटातली काकडी बाजूला काढून ठेवायचा. एकदा, फक्त एकदा या माणसाला हरवायचं, याखेरीज त्याला आयुष्याकडून काही नको होतं.

शेवटी त्याने कोच लावला. कोचने थोडा वेळ खेळ पाहिला आणि त्याच्या हातातली रॅकेट काढून घेतली.

"डॉक्टर, तुमचा हात बरा आहे. गडबड डोक्यात आहे. पॉइंट संपला की नेटकडे पाठ करायची. मागच्या भिंतीपर्यंत जायचं, रॅकेटच्या तारांकडे बघत तीन श्वास घ्यायचे आणि म्हणायचं, झालं ते गेलं. मग बॉल तीनदा आपटायचा आणि सर्व्हिस करायची."

"आणि पॉइंट जिंकलो तर?"

"तरी तेच. गेला पॉइंट मेला, मग तो कोणाचाही असो. आणि हे नुसतं कोर्टवर करून भागायचं नाही. दिवसभर करा. अंगात मुरलं पाहिजे."

दंतवैद्याचा दिवस दवाखान्यात जायचा, त्यामुळे ते तिथेच मुरायला लागलं. पहिल्या आल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या दाढेत ठेवायचा कापसाचा बोळा चिमट्यातून निसटून खाली पडला. दंतवैद्याने लगेच त्यांच्याकडे पाठ केली, भिंतीपर्यंत गेला, चिमट्याकडे टक लावून तीन खोल श्वास घेतले आणि बोलायची सवय असल्यामुळे मोठ्यानेच म्हणाला, "झालं ते गेलं."

बाई खुर्चीत ताठ झाल्या. "काय गेलं?"

"काही नाही. आता त्याचा विचारच करायचा नाही," असं म्हणून त्याने छोटा आरसा ट्रेवर तीनदा आपटला. "हं, आ करा."

बाईंनी आ केला नाही. तोंड मिटून त्यांनी जिभेने सगळे दात एकेक करून चाचपले, पर्स उचलली आणि घरी गॅस चालू राहिल्याचं सांगून त्या निघून गेल्या.

दुपारी बँकेच्या मॅनेजरची दाढ मात्र फारच सुरेख भरली गेली. सुरेख भरली गेली म्हणून दंतवैद्य पुन्हा भिंतीशी गेला. मॅनेजरला खुर्चीतून फक्त पाठमोरे डॉक्टर आणि त्यांचे वरखाली होणारे खांदे दिसले. दाढ बघून डॉक्टरांना रडू फुटलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत बँकेच्या सगळ्या खातेदारांना कळली.

दवाखाना हळूहळू ओस पडला. रिकाम्या वेळात दंतवैद्य वेटिंग रूमच्या भिंतीवर बॉल मारायला लागला आणि त्याचा बॅकहँड सुधारला. त्याला बरं वाटत होतं. बायकोला वाटत नव्हतं.

"आजही सगळ्यांनी फोन करून नको म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "गावातले दात एकदम बरे झालेत."

"जाऊ दे. झालं ते..."

"पुरे. या रविवारी हरलात, तर रॅकेट माळ्यावर जाईल. मी स्वतः स्टूल धरते."

रविवारी मेव्हणा कोर्टवर आला तो मफलर गुंडाळून. नेहमीची बडबड नव्हती. चेंडू त्याच्या बाजूला गेला की तो दोन पावलं टाकायचा आणि सोडून द्यायचा. इकडे दंतवैद्य प्रत्येक पॉइंटनंतर भिंतीशी जात होता, श्वास घेत होता आणि जिंकत होता. शेवटचा बॉल मेव्हण्याच्या शेजारून निघून गेला, तेव्हा दंतवैद्याला इतका आनंद झाला की भिंतीशी जायचं तो साफ विसरला.

हात मिळवताना मफलर सरकला. डावा गाल चेंडूएवढा सुजला होता.

"अरे, दाढ आहे ही! कधीपासून दुखतेय?"

"झाले बरेच दिवस."

"मग आला का नाहीस माझ्याकडे?"

मेव्हणा अवघडला. "भाऊजी, राग मानू नका. तुम्ही पेशंटला आ करायला लावून कोपऱ्यात जाऊन रडता, असं ऐकलं."

दुपारी जेवताना हा विजय कोणी विजय धरलाच नाही. सासूबाई म्हणाल्या की पोरगं कालपासून पेजेवर आहे. बायकोने निकाल दिला, "दुखऱ्या दाढेशी जिंकलेलं चालणार नाही. आधी त्याला बरा करा, मग खेळा. माळ्याची अट तशीच राहील."

दंतवैद्याला वाईट वाटलं, पण तिचं म्हणणं त्याला पटलं. दुसऱ्या दिवशी त्याने मेव्हण्याला खुर्चीत बसवलं. बायको मुद्दाम भिंतीला पाठ लावून उभी राहिली, त्यामुळे त्याला तिकडे जाता येईना. त्याने जीव ओतून काम केलं. दाढ काढायच्या लायकीची झाली होती, तरी त्याने रूट कॅनाल करून ती वाचवली. काम लांबलं. कापूस, आरसा, नळी असं सगळं मेव्हण्याच्या तोंडात होतं, आणि दंतवैद्याला गप्पांचा हुरूप आला.

"रडत नव्हतो रे मी. त्यामागे शास्त्र आहे," तो म्हणाला. मग त्याने नेटकडे पाठ का करायची ते सांगितलं, तारा का बघायच्या ते सांगितलं, श्वास पोटातून कसा घ्यायचा ते स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं. बायकोने दोनदा खाकरून पाहिलं. "तुला काय वाटतं, सोपं आहे? नाही वाटत ना? बरोबर," असं म्हणून त्याने जिंकलेला पॉइंटही कसा विसरायचा, तेसुद्धा नीट समजावलं. मेव्हण्याने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

पुढच्या रविवारी मेव्हणा मफलरशिवाय आला. पहिलाच पॉइंट दंतवैद्याने झोकात घेतला. मेव्हण्याने नेटकडे पाठ केली, सावकाश भिंतीपर्यंत गेला आणि रॅकेटच्या तारांकडे बघत त्याने पोटातून तीन श्वास घेतले. ते बघण्याच्या नादात दंतवैद्य स्वतः भिंतीशी जायचं विसरला. तो पुढचा पॉइंट हरला, मग आपण काय करून बसलो याचा विचार करत त्याच्या पुढचा हरला, आणि सामना उन्हं वर यायच्या आत आटोपला.

जेवताना मेव्हणा दोन्ही बाजूंनी काकडी चावत होता. "भाऊजींच्या हाताला तोड नाही," तो सासूबाईंना सांगत होता, "मी बँकेतही सगळ्यांना सांगून आलोय. उद्यापासून रांग लागेल बघा." मग तो दंतवैद्याकडे वळला. "पण भाऊजी, सकाळचं मनाला लावून घेऊ नका हं. गेला पॉइंट मेला."

जेवण झाल्यावर बायकोने स्टूल धरलं. दंतवैद्य वर चढला, रॅकेट माळ्यावर आत सरकवली, आणि भिंत आयतीच समोर होती म्हणून तीन श्वास घेतले. विसरलं काहीच गेलं नाही.