फक्त वाचायची परवानगी

चहात साखर किती घालायची हे सोडून मुजुमदारकाका बाकी सगळं सर्व्हरला विचारतात. "लेले आहेत का हो घरी?" असं कुणी विचारलं, तर समोरच्या लेल्यांच्या दाराकडे न बघता ते कॉम्प्युटरकडे वळतात, कीबोर्ड खडखडवतात आणि सांगतात, "आहेत. आत्ताच आत आले." आत म्हणजे सर्व्हरच्या आत. दाराला कुलूप असतं.

काका रेल्वेत सिग्नलला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या उज्जैनच्या मराठी मंडळासाठी घरीच चॅट सर्व्हर बसवला. त्यात एक खोली भजनवाल्यांची, एक नाटकवाल्यांची, एक सगळ्यांची. कोण आलं, कोण किती बोललं, कुणाला लिहिता येतं आणि कुणाला नुसतं वाचता येतं, हेच ते दिवसभर त्याला विचारत बसतात. मंडळाच्या बैठकीत कुणी लांबण लावली की म्हणतात, "जोशी, तुमचा आकडा वर चाललाय."

माझं त्यांच्याशी वाकडं आहे. देवास गेटला माझं भेरूगढच्या छापील चादरींचं दुकान आहे. हातगाडीपासून उभं केलेलं. नवा माल आला म्हणून भजनाच्या खोलीत मी चादरींचे फोटो टाकले, खाली भाव लिहिला. संध्याकाळपर्यंत काकांनी माझा लिहायचा हक्क काढून घेतला. न विचारता, न सांगता. चादरी एक नंबर होत्या, हे मी आजही सांगतो.

आता गणेशोत्सव आला. बाहेरगावच्या कलाकारांसाठी मंडळ चादरी घेणार, त्याची चर्चा सर्व्हरवर चाललेली, तिथे भलताच दुकानदार भाव सांगतोय आणि मी नुसता वाचतोय. तडक काकांकडे गेलो.

"काका, फैसला करून टाका. महिन्याला एक फोटो."

"नियमात नाही."

"फोटो राहू द्या. नुसता भाव."

"ते तर त्याहून नाही."

"अहो, माझी गिऱ्हाइकंसुद्धा इतकी खींचतान करत नाहीत."

"थांब, तुझी सेटिंग बघतो."

पडद्यावर सगळ्या खोल्या आल्या. शेवटची होती 'मीनू'. मीनू म्हणजे काकांची बंगळुरूची मुलगी. त्या खोलीत ती आणि काका, दोघंच. तिला लिहिता येत होतं. काकांच्या नावापुढे होतं, फक्त वाचन.

"हे काय? पोरीच्या खोलीत तुम्हालाच बंदी?"

"ती म्हणाली, बाबा, किती लिहिता हो, ऑफिसात फोन सारखा वाजतो. मग मीच माझा हक्क काढला. नियम सगळ्यांना सारखा."

"आणि ती लिहिते?"

"लिहीत नाही. पण रोज आत येते. सर्व्हर सांगतो ना." हे सांगताना काका चक्क खूश होते.

माझं डोकं तापलं. "अख्ख्या मंडळाची खबर ठेवता आणि पोरीला एक फोन नाही? लावा."

"कामात असेल."

मी त्यांचाच मोबाइल उचलून मीनूचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"बाबा? गेला का राग?"

"राग कसला?"

"त्या दिवशी मी बोलले, तेव्हापासून तुमची एक ओळ नाही. रोज येऊन बघते मी."

काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "अगं, मी इथेच होतो," ते हळूच म्हणाले. "सारखा."

मग तिने विचारलं, "जेवलात का?" आणि काका सकाळी स्वतः केलेल्या दाल-बाफल्यांबद्दल सांगू लागले. पीठ कसं मळलं, तूप कुठून आणलं, सगळं. थांबायचं लक्षण दिसेना. मी चपला घातल्या, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता हातानेच 'उद्या ये' अशी खूण केली.

उद्या जाईन. पण भाव कमी करणार नाही.