लोण्याच्या साठ सुऱ्या

जुनिपरच्या झुडपाचं लाकूड चुलीत फार तडतडतं. सात वर्षांचा असताना मी ती तडतड ऐकली, ती अजून कानात आहे. शाळेत आम्हाला लोणी लावायची लाकडी सुरी करायला लावत. (आमच्याकडे प्रत्येक मूल ती करतं. प्रत्येक आई ती जपून ठेवते आणि लोणी दुसऱ्याच सुरीने लावते.) माझ्या सुरीची मूठ घासायची राहिली होती, तरी मी ती बाईंना द्यायला निघालो. वडिलांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, चुलीचं झाकण उचललं आणि सुरी आत टाकली. "अर्धं काम घराबाहेर जात नाही, हिल्डिंग," एवढंच म्हणाले.

शाळा सहा इयत्तांत संपली. तिथलं बाकी सगळं विसरलो, हे तेवढं राहिलं. पुढे साठ वर्षं सुतारकाम केलं, पण माझ्या हातून अर्धी वस्तू उंबऱ्याबाहेर गेली नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. याच गुणापायी माझ्या मुलीचा धंदा बुडायला आला होता, ते सांगतोय.

आमची पर्निला कागद गिरणीच्या ऑफिसात होती. सप्टेंबरात गिरणी बंद पडली आणि ती दोन बॅगा घेऊन आपल्या जुन्या खोलीत राहायला आली. एका गुरुवारी, वाटाण्याचं सूप वाढता वाढता, तिने जाहीर केलं.

"बाबा, मी ऑनलाइन धंदा सुरू करतेय. लोण्याच्या सुऱ्यांचा."

"तो मी करतोच की," मी म्हणालो. "चर्चच्या नाताळ बाजारात दर वर्षी चाळीस नेतो."

"आणि बत्तीस परत आणतो," माझी बायको आस्टा म्हणाली.

"तयार सुऱ्या नाहीत गं आई, किट! डब्यात लाकडाचा एक ओबडधोबड तुकडा, कोरायचा चाकू, पॉलिश पेपर, जवसाच्या तेलाची बाटली आणि माहितीचा कागद. सुरी लोकांनी स्वतः करायची. किंमत तीनशे पंच्याण्णव क्रोनर."

माझी तयार सुरी ऐंशीला. त्यातही लोक सत्तरला देतोस का विचारतात.

"म्हणजे मी काम केलं तर ऐंशी," मी सावकाश विचार करून म्हणालो, "आणि नाही केलं तर तीनशे पंच्याण्णव?"

"बरोबर!"

"मग आधीच का नाही आळशी झालास?" आस्टा म्हणाली. "साठ वर्षं फुकट राबलास."

थट्टा झाली, पण नंतर पर्निलाने चमचा खाली ठेवला. मालमोला एक नोकरी मिळण्यासारखी होती, जानेवारीपासून. डिसेंबरातल्या लुसियाच्या सणापर्यंत शंभर डबे गेले तर ती इथेच राहणार, नाहीतर मालमो. मालमो म्हणजे आगगाडीने अख्खा दिवस. आस्टाने तिला आणखी सूप वाढलं. मलाही ती राहायला हवी होती. पण आमच्या घरात असलं काही बोलून दाखवायची पद्धत नाही. मी सुपात घालायची वाटलेली मोहरी पुढे सरकवली.

माहितीचा कागद पर्निलाने स्वतः लिहिला. पहिली पायरी: खोल श्वास घ्या. (मी चाकू हातात घेतला की आधी बोटं कुठे आहेत ते बघतो.) चौथी पायरी: लाकूड काय सांगतंय ते ऐका. मी साठ वर्षं लाकडाजवळ बसलोय. ते काहीही सांगत नाही. म्हणून तर मला ते आवडतं.

ऑक्टोबरभर डबे एकेक, दोनदोन गेले. घेणारे सगळे शहरातले. त्यांना म्हणे हातांनी काहीतरी करायचं असतं. भांडी घासायला त्यांच्याकडे यंत्र, गवत कापायला यंत्र, मग हात रिकामे राहतात आणि रिकाम्या हातांचा यांना त्रास होतो. असा आजार आमच्या गावात कुणाला झालेला नाही.

नोव्हेंबरात स्टॉकहोमच्या एका विमा ऑफिसाने एकदम साठ डबे मागवले. कर्मचाऱ्यांना दुपारभर शांतपणे कोरायला बसवणार होते. नेमकं त्याच आठवड्यात पर्निलाला मालमोला मुलाखतीसाठी जायचं होतं.

"बाबा, तुकडे कापलेले आहेत. ते फक्त डब्यांत भर आणि शुक्रवारी पोस्टात दे. बाकी काही करू नकोस."

"नाही करत."

आणि खरंच करणार नव्हतो. पण पहिल्याच तुकड्यातून एक कुसळ वर आलं होतं. विमा ऑफिसातल्या कुणाच्या मऊ बोटात ते गेलं असतं, म्हणून तेवढं काढलं. काढल्यावर ती बाजू नीट दिसायला लागली आणि दुसरी बाजू वाईट. म्हणून दुसरी केली. मग मूठ. मूठ झाल्यावर पातं तसंच ठेवणं म्हणजे माणसाला एकाच पायात बूट घालून बाहेर पाठवण्यासारखं. पहिली सुरी अशी पूर्ण झाली. मग वाटलं, एकालाच पूर्ण सुरी आणि एकोणसाठ जणांना लाकूड, हा कुठला न्याय?

तीन दिवस लागले. आस्टा कॉफी घेऊन आली तेव्हा मला वाटलं, आता ओरडणार. तिने एक सुरी उचलली, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ही अजून जरा घास." (नवरा चुकतोय हे सांगायची संधी तिने पन्नास वर्षांत सोडलेली नाही. नेमकी तेव्हाच सोडली.) सगळ्या सुऱ्यांना तेल दिलं, चुलीमागे ओळीने वाळवल्या आणि डब्यांत भरल्या. चाकू, पॉलिश पेपर आणि तो श्वास घ्यायचा कागदही प्रामाणिकपणे घातला.

पुढच्या बुधवारी दुपारी फोन आला. पर्निला मालमोहून परतली होती. आम्हा सगळ्यांना ऐकू जावं असा फोन तिने टेबलावर ठेवला. कौतुकाचा असेल असं तिला वाटलं.

"मी मालिन, विमा ऑफिसातून," एक बाई म्हणाल्या. "अहो, सुऱ्या तयार आहेत!"

"हो," मी म्हणालो.

"पूर्ण तयार! काहीच करायचं उरलं नाही!"

"नाही," मी म्हणालो. मला बरं वाटलं. घासकाम त्यांच्या लक्षात आलं होतं.

पर्निला माझ्याकडे बघत राहिली. एवढे मोठे डोळे मी ती पाळण्यात असताना पाहिले होते.

"इथे साठ माणसं बसलीयेत! पाचपर्यंत हॉल घेतलाय. श्वाससुद्धा घेऊन झाला! आता आम्ही काय करायचं?"

मी विचार केला. मला वेळ लागतो.

"हॅलो? फोन बंद पडला का?"

"लोणी आहे का?" मी विचारलं.

फोन कट झाला. पर्निला खोलीत गेली, आणि पलंगाखालून बॅगा ओढल्याचा आवाज आला. आस्टा ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मी पॉलिश पेपरने टेबलाची कड घासत होतो, हे मला नंतर कळलं.

दोन दिवसांनी मालिनबाईंचं पत्र आलं. पर्निलाने ते उभ्यानेच वाचलं. झालं असं की हॉलचे पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून त्यांनी खरोखरच पाव आणि लोणी मागवलं. मग साठ जण लोणी लावत बसले आणि चक्क एकमेकांशी बोलले. अकरा वर्षं शेजारी बसणाऱ्या दोघांना एकमेकांची नावं कळली. नाताळसाठी त्यांना आणखी दीडशे डबे हवे होते. अगदी तसेच.

पर्निलाने लगेच किट बदललं. आता डब्यात तयार सुरी आणि झाकणाची बाटली असते. बाटलीत साय घालून लोणी होईपर्यंत हलवायची. साय लोकांनी आपली आणायची. म्हणजे आम्ही त्यांना जास्तीचं देतो ते काय, तर रिकामी बाटली. चारशे पंच्याण्णव! आणि लोक लिहितात, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काही केलं.

लुसियाच्या आदल्या दिवशी पर्निलाने मालमोला फोन लावला. "मी येत नाहीये," म्हणाली. आस्टाने केशराचे बन इतके केले की शेजारीपाजारी वाटावे लागले. मी गुपचूप पर्निलाचे बूट दारातून उचलून आमच्या बुटांच्या फळीवर ठेवले.

"बाबा," ती म्हणाली, "डब्यावर जुन्या कारागिराचा फोटो हवाय. लोकांना विश्वास वाटतो."

आत जाऊन मी दाढी केली, गालाला रक्त येईपर्यंत गुळगुळीत केली, अंत्यविधींना जायचा काळा कोट घातला आणि बाहेर आलो. तोवर बन खायला शेजारचा एव्हर्ट येऊन बसला होता. एव्हर्टने जन्मभर पोस्टाची गाडी चालवली. त्याच्या हातात चाकू दिला तर तो पाकीट फोडेल. पण त्याची दाढी पांढरी आणि छातीपर्यंत आहे. पर्निलाने माझ्याकडे बघितलं, कोटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"एव्हर्टकाका, ही सुरी हातात घ्या आणि जरा खिडकीबाहेर बघा हं."

डबे छापून आले. त्यावर एव्हर्ट लाकडाचं ऐकतोय. खाली लिहिलंय, साठ वर्षांचा अनुभव.

मी एक डबा घेतला, माझ्या तोंडाशेजारी धरला आणि आस्टासमोर जाऊन उभा राहिलो.

"तूच सांग," मी म्हणालो. "दोघांत कारागीर कोण दिसतो?"

आस्टाने डब्यावरच्या एव्हर्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत एव्हर्टकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग एप्रनला हात पुसले आणि स्वयंपाकघरात निघून गेली.